उगवलेला मुद्देमाल

लग्नाच्या जेवणात माझ्या शेजारची खुर्ची सगळ्यात शेवटी भरते, हे लेकीच्या लहानपणीच माझ्या लक्षात आलं होतं. जालन्यात बियाण्याचा व्यापार एवढा, की कुठल्याही लग्नात चार बियाणेवाले, दोन खतवाले आणि एखादा फवारणीच्या औषधांचा विक्रेता निघतोच. आणि मी पडले कृषी खात्यातली गुणवत्ता नियंत्रण निरीक्षक. जिलेबीकडे जरा निरखून पाहिलं तरी त्यांना वाटायचं, बाई आता हिचाही नमुना घेतात. माझे वडील याच गावात कचेरीत कारकून होते. त्यांना चौकात माणसं थांबून रामराम घालायची. मला पाहिलं की तीच माणसं चष्मा पुसायला लागायची. आता निवृत्तीनंतर ती खुर्ची लवकर भरते आणि मला त्याचं अजून अप्रूप वाटतं.

लोकांचा समज असा, की आमच्या हाती फार मोठे अधिकार असतात. असतात की! दुकानात शिरता येतं, बंद पोतं उघडता येतं, नमुना घेता येतो, विक्री थांबवता येते. नमुन्याचे तीन भाग करायचे: एक दुकानदाराला, एक प्रयोगशाळेला, एक आपल्याजवळ. तिन्हींवर लाख ओतून मोहोर उठवायची, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि दुकानदाराला पावती द्यायची. पावती दिल्याशिवाय चिमूटभर दाणेही उचलायचे नाहीत, हा नियम मी नोकरीत कधी मोडला नाही. हे सगळं व्यवस्थित पार पडलं, की महिनाभराने प्रयोगशाळा कळवते की बी उगवण्याच्या लायकीचं नव्हतं. तोवर ते रानात पडून, न उगवून, त्या जागी दुसरं काहीतरी लावूनही झालेलं असतं.

शिवाय कायदे वेगवेगळे. आतलं बी खोटं असलं तर कायदा आमचा. पिशवीवरची कंपनीची खूण नकली असली तर तो व्यापारचिन्हांचा कायदा. त्यात वॉरंट नसताना झडती घ्यायची तर निदान पोलीस उपअधीक्षक लागतो, आणि नेमक्या पेरणीच्या दिवसांत उपअधीक्षक साहेब कुठल्या तरी बंदोबस्तावर असतात. पिशवी खरी आणि बी खोटं, असं काही निघालं तर ते नेमकं कुणाचं, हे मला नोकरीच्या शेवटच्या हंगामापर्यंत कुणी विचारलं नव्हतं.

त्याआधी परतूरचा किस्सा सांगते, कारण पुढे जे झालं त्याची धास्ती मला त्याच्यामुळेच होती. आमची सरकारी जीप जालन्यातून निघाली की परतूरच्या बाजारात शटर खाली यायची. पूर्वी फोनवर, नंतर व्हॉट्सॲपवर. एकदा मी जीप दारातच उभी ठेवली, हातात भाजीची पिशवी घेतली आणि पॅसेंजर गाडीने परतूरला गेले. एका खताच्या दुकानात शिरून भाव विचारला.

"ताई, बिलकुल असली माल," दुकानदार म्हणाला. "फक्त बिल मागू नका. बिलानं उगाच खर्चा वाढतो."

मी पर्समधून ओळखपत्र काढून काउंटरवर ठेवलं. त्याने ते वाचलं, मग माझ्या पिशवीतल्या मेथीकडे पाहिलं. "मंग आधी सांगायचं न्हाई का मॅडम," तो खरोखर नाराज होऊन म्हणाला, "तुम्हाला मी चांगला माल दाखवला असता."

त्याच्या गोदामात खरं आणि खोटं खत एकाच थप्पीत होतं, म्हणून सगळंच जप्त झालं. खटला वर्षानुवर्षे चालला. शेवटी त्याला शिक्षा झाली तेव्हा मी हवेत होते. जप्त खताचं काय करायचं ते पाहायला पोलीस ठाण्यात गेले, तर पोत्यांचे दगड झालेले. खऱ्याचेही आणि खोट्याचेही. मालखान्यातला हवालदार त्यांतल्या एका पोत्यावर पाय ठेवून वरच्या फळीवरचं सामान काढत होता. त्या खऱ्या खतावर कितीतरी रानं पोसली असती. केस जिंकल्याचा आनंद मी घरी येईपर्यंतही टिकला नाही.

आता हसनाबाद. भोकरदन तालुक्यातलं हे मोठं गाव. तिथल्या बायकांच्या एका बचत गटाने त्या साली गावातलं एक रान मक्त्याने घेतलं होतं. अध्यक्ष कौसाबाई. साठीला टेकलेली, उंच, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांतून नजर न काढणारी बाई. मालकाची अट अशी, की पहिल्याच साली रान पडीक राहिलं किंवा पीक आलं नाही, तर पुढच्या साली रान मिळणार नाही. गावातले पुरुष पारावर बसून त्याचीच वाट पाहत होते. कौसाबाईचा स्वतःचा नवराही त्यांत होता, असं तिनेच मला हसत हसत सांगितलं होतं. बायकांनी कपाशीची जात स्वतः निवडली होती. बोंड मोठं, वेचायला सोपं, बोटं सोलवटत नाहीत. वेचणी बायकाच करतात, तेव्हा ही निवड मला एकदम पटली. त्या जातीला त्या साली फार मागणी होती आणि माल कुठेच मिळत नव्हता. जालन्यात मस्तगडला पारसमलजींच्या दुकानातून गटाने तो कसाबसा मिळवला होता.

लागवडीच्या तोंडावर मी हसनाबादला बैठकीला गेले आणि नेहमीचं भाषण सुरू केलं: पिशवी, लेबल आणि बिल पीक निघेपर्यंत जपून ठेवा.

"पिशव्या कुठून ठेवाव्या मॅडम?" कौसाबाई म्हणाली. "उन्हाळ्यात बादलीवाला आल्ता. जुन्या पिशव्या द्या न् बादली न्या. साऱ्या गावानं दिल्या. फाटकी मात्र घेत नव्हता."

आमच्याकडे सरकी लावून झाली की रिकामी पिशवी बांधावरच्या काठीवर उपडी घालतात. कुठल्या रानात कुठली जात आहे, ते येणाऱ्याजाणाऱ्याला कळतं. पीक उत्तम आलं, की ती पिशवी बघून लोक पुढच्या साली तीच जात मागतात. हंगामभर त्या पिशव्या बांधांवर उभ्या असतात आणि त्यांच्याकडे कुणी वस्तू म्हणून बघत नाही. त्यांच्या बदल्यात कुणी नवीकोरी बादली देत असेल, तर त्याच्या डोक्यात काय असणार? मी भाषण अर्धवट सोडलं.

"तुमचा नवा माल बघू," मी म्हणाले.

बायकांनी पिशव्या आणून सतरंजीवर उभ्या केल्या. एक कोपऱ्यात एकटी ठेवली होती. ती कौसाबाईच्या सुनेने माहेराहून आणलेली, त्याच जातीची, दुसऱ्या दुकानातली. मी ती उचलून बाकीच्यांच्या शेजारी लावली. बाकीच्या सगळ्या एक बोट आखूड होत्या.

का, ते सांगते. पिशवीचं तोंड कारखान्यात उष्णतेने चिकटवलेलं असतं. शेतकरी ते कापून बी काढतो. अशा रिकाम्या पिशवीत भलतंच बी भरून ती पुन्हा चिकटवायची, तर चिकटवण जुन्या कापाच्या खालीच येणार, म्हणजे पिशवी तेवढी आखूड होणार. मी एक पिशवी फिरवून पाहिली. एका अंगाने छपाई लख्ख होती, दुसऱ्या अंगाने उन्हाने उडालेली. ती पिशवी कुठल्यातरी बांधावर अख्खा हंगाम उभी होती. तारखेच्या जागी जुनं पुसून नवा शिक्का मारलेला होता. नोकरीत इतक्या धाडी घातल्या, पण एवढं सफाईदार काम मी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, क्षणभर कौतुकच वाटलं. मग बायकांचे चेहरे पाहिले आणि ते कौतुक गिळलं.

"कुणी लावू नका. उघडूही नका," मी म्हणाले.

"ह्यात सरकी न्हाई का मंग?" कौसाबाईने विचारलं.

"सरकी आहे. तुमची नाही."

रीतसर नमुने घेतले, पावती दिली आणि दुपारीच मस्तगड गाठलं. पारसमलजींचं घराणं राजस्थानातून येऊन कितीतरी पिढ्या झाल्या. घरात मारवाडी, दुकानात आमच्यासारखी मराठी. मी तपासणीला गेले की ते माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवायचे आणि मी तो कधी तोंडाला लावायची नाही. दुकानदाराचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा माझा हट्ट. ते रागवायचे नाहीत, पण तांब्या ठेवायचंही सोडायचे नाहीत. ज्या दुकानाबद्दल मी छातीठोक बोलले असते, असं हे एक दुकान. म्हणून त्या दिवशी आत शिरण्याआधी मी दारात थांबले. भर हंगामात विक्री थांबवली, तर जालन्यात ते दुकान पुन्हा उभं राहत नाही.

गोदामातल्या त्या जातीच्या उरलेल्या सगळ्या पिशव्या मी रांगेत लावल्या. एकही आखूड नव्हती. एकही फिकी नव्हती. मी श्वास सोडला तो पंचांनाही ऐकू गेला असावा.

"शेठजी, हसनाबादला माल कसा पाठवला?"

"नेहमीसारखा. काळीपिवळीच्या टपावर टाकून," ते म्हणाले. "बाया येऊ शकत नव्हत्या. डायव्हर रोजचा माणूस हाय मॅडम. वडिलांच्या टायमापासून आपन असंच पाठवून राह्यलो."

जिल्ह्याचं अर्धं बियाणं असंच जातं. काळी-पिवळी जीप, रोजचा ड्रायव्हर, टपावर बांधलेली गाठोडी. गावात माल उतरवून घेणारा नग मोजतो आणि मोजणी जुळली की संपलं. नग इथेही जुळले होते. खरा माल वाटेत उतरला होता आणि तेवढ्याच नगांचा खोटा माल वर चढला होता.

"माझ्या बिलावर खोटा माल गेला," पारसमलजी म्हणाले, आणि गादीवरून उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

पोलीस ठाण्यात ठाणेदारांनी माझं सगळं ऐकून घेतलं. चांगला माणूस होता, पण गोंधळला. "मॅडम, पिशवी कंपनीचीच हाय म्हंता. मंग नक्कल कशाची लावू?"

"आतल्या बियाची."

"आन् खरा माल?"

"त्याची चोरी, विश्वासघात, जे बसेल ते लावा. पण जल्दी करा. एकदा तो माल बाजारात गेला की गेला."

ड्रायव्हरचं घर भोकरदनच्या बाहेर होतं. अंगणात शिरताच मला आधी दिसल्या त्या बादल्या. निळ्या, एकात एक घातलेल्या, छपरापर्यंत. त्याच्या बादलीवाल्याने वाटून उरलेल्या होत्या त्या. मागे कडब्याची गंजी होती आणि तिच्याखाली हसनाबादच्या पिशव्या, एकूण एक, पूर्ण उंचीच्या. टंचाई वाढली की चढ्या भावाने काढायच्या, म्हणून त्याने त्या दाबून ठेवल्या होत्या. त्याच्या हावरेपणाचे मी त्या वेळी मनातल्या मनात आभार मानले. घाईचा माणूस असता तर माल कधीच संपला असता.

तेवढ्यात कौसाबाई दोघीतिघींना घेऊन दुसऱ्या जीपने पोचली. तिने पिशव्या पाहिल्या आणि सरळ पुढे होऊन एक काखेत मारली.

"हात लावू नका बाई," हवालदार म्हणाला. "मुद्देमाल हाय तो."

"माझं बी हाय."

"तुमचंच हाय. पर आता मुद्देमाल झालं."

मुद्देमाल म्हणजे गुन्ह्याचा पुरावा म्हणून जप्त केलेली वस्तू. ती खटला संपेपर्यंत सरकारच्या ताब्यात राहते. कौसाबाईने माझ्याकडे पाहिलं. मला परतूरची ती दगड झालेली पोती दिसायला लागली. चोर सापडला होता, माल सापडला होता, पंचनामा अगदी नमुनेदार झाला होता आणि रानात ओल सरत चालली होती. कायद्याने त्या बायकांची सरकी चोराच्या हातून सोडवली आणि स्वतः धरून ठेवली. मला आयुष्यात माझ्या खात्याचा आणि माझ्या मोहोरेचा इतका राग कधी आला नव्हता.

एक वाट होती. न्यायालय जप्त वस्तू सुपुर्तनाम्यावर मूळ मालकाला परत देऊ शकतं. म्हणजे, वस्तू जपून ठेवीन आणि मागाल तेव्हा हजर करीन, असा जामिनासकट करार. गाड्या सुटतात, दागिने सुटतात. सरकारी वकील मात्र माझ्यावर वैतागले. "मॅडम, बी पेरल्यावर हजर काय करणार? असा अर्ज मी कधी केला नाही."

"आता करा," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. त्यांनी अर्ज लिहायला घेतला.

जामीन कोण राहणार, हा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी सकाळी भोकरदनच्या न्यायालयाबाहेर पारसमलजी उभे दिसले. हंगामातलं दुकान मुलावर टाकून, पांढऱ्या कपड्यांत, घामाघूम.

"आमच्या घरात आजवर कोर्टाची पायरी कोनी चढलं न्हाई," ते मला म्हणाले. "आज मी चढतो. बी माझ्या दुकानातून गेल्तं."

न्यायाधीश पोक्त गृहस्थ होते. त्यांनी अर्ज शांतपणे वाचला, चष्मा काढला. "बियाणं काही नाशवंत माल नाही. मालखान्यात ते राहू शकतं."

सरकारी वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले आणि सांगितलं, "साहेब, बी राहील. लागवडीचे दिवस राहणार नाहीत." एवढंच बोलले.

त्यांनी कौसाबाईला पुढे बोलावलं. "बाई, हा पुरावा आहे. उद्या कोर्टाने मागितला तर तुम्ही हजर करायला पाहिजे. जमिनीत घातलेलं बी तुम्ही हजर कसं करणार?"

"तुम्ही या की साहेब हसनाबादला," कौसाबाई म्हणाली. "उभं दाखवते."

सगळं न्यायालय हसलं. न्यायाधीश हसले नाहीत, पण त्यांनी पेन उचललं. प्रत्येक पिशवीतला मूठभर नमुना मोहोरबंद करून ठेवायचा, सगळ्याचे फोटो काढायचे, रिकाम्या पिशव्या न्यायालयात जमा करायच्या. आणि पीक उभं राहिलं की पोलिसांनी त्याचा पंचनामा करायचा. या अटींवर मुद्देमाल अर्जदारांना देण्यात यावा.

बाहेर आल्यावर मी तिथेच पायरीवर बसले. पारसमलजींनी पाण्याची बाटली पुढे केली. मी ती घेतली आणि अर्धी एका दमात संपवली. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शहाण्यासारखं नुसतं टोपण पुढे केलं.

सरकी त्याच संध्याकाळी हसनाबादला पोचली आणि दुसऱ्या दिवशी लागली. पिशव्या न्यायालयात गेल्यामुळे बायकांच्या काठ्या रिकाम्या होत्या. त्यांनी त्यांवर जुन्या साड्यांच्या चिंध्या बांधल्या. पारावरच्या मंडळींनी त्याची टिंगल केली, पण सरकी एकसारखी उगवून आली तेव्हा पार थोडा शांत झाला.

मग पंचनामा. आदेशाप्रमाणे हवालदार रानात आला, तोच तो, 'मुद्देमाल हाय' म्हणणारा. वही उघडून बांधावर बसला आणि मला म्हणाला, "मॅडम, वर्णन कसं लिहू? असा मुद्देमाल मी बघितलाच न्हाई."

"दिसतंय तसं लिहा."

त्याने लिहिलं: मुद्देमाल हिरवा, सतेज, गुडघ्याएवढ्या उंचीचा, जागेवर उभा. पंच म्हणून सह्या पारावरच्याच दोघांनी केल्या. त्यांतला एक कौसाबाईचा नवरा होता. सही करून झाल्यावर तो रानातून एक चक्कर मारून आला आणि बायकोला म्हणाला, "खुरपणीला मी येऊ का?" ती म्हणाली, "बघू."

प्रयोगशाळेचा अहवाल याच सुमाराला आला. आखूड पिशव्यांतलं बी उगवणीस अपात्र. मी तो वाचला आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. एरवी असा अहवाल हाती आला की वाचायला नको वाटायचा, कारण तो नेहमी कुणाच्या तरी वांझ रानाचा असायचा. या वेळी ते बी माझ्या कपाटात होतं आणि रान हिरवं होतं. नोकरीत असा अहवाल मला हा एकच मिळाला.

ड्रायव्हर जामिनावर आहे आणि खटल्याच्या तारखा पडत आहेत. निकाल लागेल तेव्हा लागेल. त्या तालुक्यात आता बांधावरच्या काठीवर पिशवी उपडी घालत नाहीत. काठी पिशवीच्या मधोमध आरपार घालतात, म्हणजे ती पुन्हा कुणाच्या कामाची राहत नाही. हे कुठल्या परिपत्रकात आलेलं नाही.

दिवाळीच्या जरा आधी मी निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल, नारळ, भाषणं झाली. त्यानंतर काही दिवसांनी फोन आला.

"मॅडम, मुद्देमाल फुटला. या," कौसाबाई म्हणाली.

मी या वेळी काळीपिवळीनेच गेले. रान पांढरं झालं होतं. बायका ओटीत कापूस वेचत होत्या आणि मोठ्यामोठ्याने बोलत होत्या. मालकाने पुढच्या सालासाठी रान देतो म्हणून आदल्या दिवशीच सांगितलं होतं. मी बांधावर उभी राहिले आणि मला रडू आलं. लपवलं नाही. कौसाबाईने एक पूर्ण फुटलेलं बोंड तोडून माझ्या हातावर ठेवलं.

"घ्या मॅडम. तुमचा नमुना."

हात सवयीने पर्सकडे गेला, पावतीपुस्तक काढायला. ते मी कार्यालयात जमा करून आले होते. मग मी ते बोंड पदराच्या टोकात बांधलं आणि पावती न देता घरी आणलं.